माहेरचा डोळा

काळमेघ काकांनी अंगणातल्या लिंबाचं एक पान तोडलं, मधल्या शिरेवर त्याची घडी घातली आणि प्रणालीच्या नाकासमोर धरलं.

"हे पाय. इकडची बाजू तिकडच्यासारखी. जुळते का नाई?"

"जुळते, काका."

"मंग? तूच शिकवलं होतं ना आम्हाले? जुळलं तं झाड उपाशी, नाई जुळलं तं झाड बिमार. इथं तं साधा पिवळा ठिपका नाई. हिरवंगच्च हाये झाड. अन् तुहा हुंग्या लाल दिवा दाखवून राहिला!"

प्रणाली हिवसेने पिशवीतून लाल फीत काढली. बोलून बोलून तिच्या तोंडाला फेस आला होता, तोही आता वाळला होता. बेलखेडीतल्या घरोघरी तिला हेच पान, हीच घडी आणि हाच प्रश्न मिळत होता. आणि खरंच, ही घडी तिनेच गावाला शिकवली होती. तेव्हा ती नोकरीत नवी होती, हौशी होती. शाळेच्या पटांगणात बायाबापड्यांना बसवून ती सांगायची की संत्र्या-लिंबाचं पान दोन कारणांनी पिवळं पडतं. जस्त कमी पडलं की दोन्ही भागांवर सारखी नक्षी उठते. ती झाडाची भूक, खत घातलं की भागते. पण एका भागावर एक डाग आणि दुसऱ्या भागावर भलतीकडेच दुसरा, असं वेडंवाकडं पिवळं दिसलं की समजायचं ग्रीनिंगचा रोग. मग फळ एका बाजूला फुगतं, खालून हिरवंच राहतं, कडवट लागतं, आणि चार-पाच वर्षांत झाड वाळून जातं.

सांगितलं ते सगळं खरं होतं. फक्त पानावर खूण उमटेपर्यंत फार उशीर झालेला असतो, एवढंच त्यात राहून गेलं होतं.

ग्रीनिंगचा जंतू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. पानात शिजलेलं अन्न ज्या बारीक नळ्यांतून मुळांकडे उतरतं, त्याच नळ्यांत तो घर करतो. झाड घाबरून स्वतःच त्या नळ्या बुजवत जातं आणि मुळं उपाशी मरतात. यावर औषध नाही. आणि वरून हिरवंगार दिसण्याची दोन-तीन वर्षं असतात ना, तेवढ्यात सायला नावाची तिळाएवढी कीड त्या झाडावर बसून रस पिते आणि तोच जंतू घेऊन पुढच्या अंगणात जाते. लिंबावर, मोसंबीवर, कुंतीच्या झुडपांच्या कुंपणावरसुद्धा. शेतातल्या बागा केव्हाच जाळीखाली गेल्या होत्या. रोग उरला होता तो लोकांच्या अंगणात.

म्हणून हुंग्या आला. सरकारी कागदावर त्याचं नाव गंधमापक होतं, पण ते नाव कागदावरच राहिलं. दुधीभोपळ्याएवढं ते यंत्र फांदीशी धरलं की पानांभोवतीची हवा ओढून घ्यायचं. आजारी झाडाच्या श्वासातला वास बदलतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पूर्वी शिकवलेल्या कुत्र्यांना कळायचा, आता यंत्राला कळत होता, तोही जंतू शिरल्यापासून काही आठवड्यांतच. लाल दिवा लागला की त्याच आठवड्यात झाड मुळासकट काढायचं, असा नियम. यंत्र चुकत नव्हतं. ते चुकलं असतं तर प्रणालीला बरं वाटलं असतं.

"तुह्या घरचं असल्यासारखं हळहळून तोडशीन का तू हे?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. नोकरीसारखं तोडीन," ती म्हणाली आणि झाडाला लाल फीत बांधून फाटकाबाहेर पडली. मागून काकूंचं बोलणं तिला ऐकू आलं. "जिच्या घरचं झाड अजून उभं हाये, तिनं लोकायचे पाडत फिरावं! नियम गरिबाले."

हे मात्र लागलं. कारण त्यात काही खोटं नव्हतं. बेलखेडीतला हा सगळा बाजारपुरा तपासून झाला होता, फक्त स्वतःच्या घरचं झाड ती आज-उद्या करत मागे ठेवत आली होती.

ते झाड साधं नव्हतं. बाजारपुऱ्यात एक जुनी रीत होती. नवी नवरी सासरी येताना माहेरच्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. त्या काडीवरचा डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, सासरच्या अंगणातल्या जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खोडाला छेद देऊन बसवायचा. डोळा धरला की नवरी घरात रुजली, असं म्हणायचे. हिवस्यांच्या झाडावर त्यामुळे तीन फांद्या तीन घरांच्या होत्या. सासूची, बेबीबाईंची, संत्र्याची. प्रणालीची मोसंबीची. आणि तिच्या सुनेची, ईश्वरीची, वर्षाचीच, हातभर वाढलेली लिंबाची. काड्या गावोगाव नेण्यावर बंदी आल्यामुळे ईश्वरीचा डोळा सरकारी रोपवाटिकेतून तपासून आणला होता, आणि तोही प्रणालीने स्वतः. बेबीबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "माहेराचा नाई, सरकारचा डोळा," त्या म्हणायच्या. "उद्या नवरीही सरकारच देईन!"

बेबीबाई ऐंशीला टेकल्या होत्या, पण नाव बेबी ते बेबीच. झाडाखाली खाट टाकून दिवसभर तिथेच असायच्या. सकाळी आपल्या फांदीवर हात फिरवून मगच चहा घ्यायच्या. तीन वर्षांमागे वादळात त्यांची फांदी मोडली तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. पुढे ती तिथूनच पुन्हा फुटली. माझ्या मायची पुण्याई, असं त्या सांगत सुटल्या आणि पुऱ्यातल्या बाया नारळ घेऊन बघायला आल्या.

काळमेघांच्या घरून आल्यावर प्रणालीने चपलाही काढल्या नाहीत. सरळ झाडाशी गेली आणि हुंग्या लावला. खाटेवरून बेबीबाई बघत होत्या, ओसरीवरून ईश्वरी. यंत्राने हवा ओढली, जरा घुटमळलं आणि लाल झालं.

पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

 मग बेबीबाई उठून बसल्या.

"साठ वर्सं झाली या झाडाले," त्या म्हणाल्या. "कधी पान गळलं नाई. वर्साखाली नवरी आली, अन् आता हे."

"आई, काहीतरी काय बोलता?"

"काईतरी नाई बोलत. पायगुन असते मान्साचा."

ईश्वरी आत निघून गेली.

पायगुण हा शब्द एकदा घरातून बाहेर पडला की परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो किराणा दुकानात होता, तिसऱ्या दिवशी नळावर. यंत्र खोटं, दिवा खोटा, असं म्हणत प्रणालीशी भांडलेल्या बायाच आता तिला गाठून सांगू लागल्या, "मशीन कधी खोटं बोलत नाई, बाई. त्या पोरीच्या पायगुनानं झालं, माना का नका मानू." तिचा डोळा तपासलेला होता, निरोगी होता, हे प्रणालीने सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच उलट प्रश्न आला, "मंग कोनाचा बिमार होता, सांग ना!" लोकांना नाव हवं होतं. नावाशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं, आणि मिळेपर्यंत ते ईश्वरीवरच भागवणार होते.

ईश्वरीचा नवरा निहार महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा. प्रणालीचा नवरा सुधाकर रोज घरी असायचा, पण बोलण्याच्या बाबतीत त्याने फार आधीच निवृत्ती घेतली होती. म्हणजे पोरीच्या बाजूने उभं राहायला घरात एकटी प्रणाली होती, आणि तिचे पाय आधीच दुखत होते.

रात्रीच्या भाकरी थापता थापता ईश्वरी म्हणाली, "आई, थोडे दिवस नागपूरला जाऊन येऊ म्हणते. पप्पांना बरं नाही."

"काय झालं त्यांना?"

ईश्वरीने भाकर उलटली. "काही नाही झालं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "इथे मी नळावर गेले की बाया कळशी उचलून बाजूला होतात. माझ्याच्याने नाही होऊन राहिलं."

थोडे दिवस म्हणजे किती, हे दोघींनाही माहीत होतं.  या पोरीवर प्रणालीचा जीव होता. घरात आल्यापासून हीच एक होती जी संध्याकाळी तिच्या हातातून यंत्राची पिशवी घ्यायची.

"झाड निघेपर्यंत थांब," ती म्हणाली. "मग मी अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीबाई आत लवंडल्या तशी प्रणाली पुन्हा झाडाशी गेली. हुंग्याला आणखी एक गोष्ट कळायची, जी गावात कोणालाच ठाऊक नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती. रोग मुरत जातो तसा फांदीचा वास बदलत जातो. नवा रोग वेगळा, जुना वेगळा. एकाच झाडाच्या फांद्या एकेक करून हुंगल्या की जंतू आधी कुठे शिरला आणि मुळांत उतरून मग कुठे चढला, ते क्रमाने लागायचं.

ईश्वरीची लिंबाची काडी कोवळी लाल दाखवत होती. अलीकडची. प्रणालीची मोसंबी त्याहून जुनी. बेबीबाईंची संत्र्याची फांदी सगळ्यांत जुनी, इतकी की यंत्रावरचा काटा शेवटाला जाऊन टेकला.

प्रणाली फांदीच्या बुडाशी वाकली. डोळा बसवलेल्या सांध्यापासूनच मोडलेली संत्र्याची फांदी त्याच जागी आपोआप संत्र्यानेच फुटत नाही. त्या मोडक्या टोकाखालून फुटली असती तर रानटी जंबेरी फुटली असती. हे तिला तीन वर्षांमागेही माहीत होतं. तेव्हा बाया नारळ घेऊन आल्या, म्हातारी हसली, आणि थकून घरी आलेल्या प्रणालीने ते हसू बघून पुढे बघितलंच नाही. आता तिने साल बोटांनी चाचपली. इंग्रजी टीच्या आकाराचा, डोळा बांधल्याचा व्रण होता, आणि त्या व्रणात साल वाढून अर्धी गिळलेली एक कापडाची चिंधी. हिरव्या लुगड्याच्या काठाची. ते लुगडं घरात एकाच बाईचं होतं.

सुटीच्या दिवशी ती बसने नांदसुरीला गेली. हे बेबीबाईंचं माहेर. जाणं भागच होतं, कारण डोळा जिथून आला तिथलं झाड रोगी असणार, आणि ते उभं राहिलं तर ते गाव गेलंच म्हणायचं. बेबीबाईंचा भाचा रामकृष्ण अंगणात दाढी करत बसला होता. त्याच्या मागे संत्र्याचं जुनं झाड फळांनी लगडलेलं होतं. हुंग्या लावला आणि लाल झाला.

"आत्यानं फोन केला होता," रामकृष्ण साबणाच्या तोंडाने सांगू लागला. "माही फांदी मोडली म्हने, मायची निशानी गेली, रामकिसन, मी मेल्यावर माहेर म्हनून काय राहीन माहं त्या घरात? लई रडली, वैनी. मंग मी संक्रांतीच्या वानात लपवून काडी नेली. तुम्ही ड्यूटीवर होत्या. बंदी होती, ठाव होतं मले. पन झाड तं चांगलं दिसत होतं ना हो! घडी घालून पाह्यलं होतं आम्ही पान."

"जुळलं असेल."

"चोख जुळलं होतं."

प्रणालीने खोडाला फीत बांधली. एवढ्याशा काडीसाठी म्हातारीने चोरी केली, आणि वरून दोष पोरीवर ढकलला. तिला संताप आला होता, पण तो धड टिकेना. म्हातारी रडत फोनवर बोलतेय हे डोळ्यांसमोर यायचं आणि संतापाचा पाय घसरायचा. स्वतः प्रणालीचं माहेर केव्हाच संपलं होतं. आई-वडील गेले, घर विकलं, तिथलं मोसंबीचं झाड पहिल्याच मोहिमेत उपटलं गेलं. हिवस्यांच्या अंगणातली ती फांदी, एवढंच तिच्या माहेराचं उरलं होतं. ती फांदी मोडली असती तर आपणही लुगडं फाडलं असतं का, हा प्रश्न बसभर तिच्या शेजारी बसून आला.

कार्यालयाला तिने जे होतं ते कळवलं. नांदसुरीला दुसऱ्याच दिवशी पथक जाऊन ते झाड काढणार होतं. तिथे खोटं बोलण्याची सोय नव्हती, आणि तिची तशी इच्छाही नव्हती.

त्याच्या पुढच्या सकाळी पथक हिवस्यांच्या अंगणात आलं. आधी फवारणी, म्हणजे कीड उडून शेजारी जाऊ नये. मग झाडावर पांढरं प्लॅस्टिक ओढलं. कुंपणाशी अख्खा बाजारपुरा जमला होता. तपासणीवालीच्याच घरचं झाड निघतंय, हे बघायला कोण चुकणार? काळमेघ काका-काकू पुढेच होते. ओसरीवर ईश्वरीची बॅग भरून ठेवलेली होती.

"शेवटी निघालं बाप्पा," काकू म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "एकेकाचा पायगुन!"

खाट भिंतीशी सरकवली होती. तिच्यावर बेबीबाई बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "मी तं पयल्यापासून सांगून राहिली."

प्रणालीने म्हातारीकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. चिंधी अजून झाडावर होती, ओढून दाखवता आली असती. मग उरलेले दिवस या बाईने मान वर केली नसती, माहेरचं झाड आपल्या हाताने मारलं आणि सासरचंही, हे उशाशी घेऊन निजली असती. आणि बोललं नाही तर बॅग उचलली जाणार होती.

"पायगुण कोणाचाच नाही," प्रणाली मोठ्याने म्हणाली. "मी प्रत्येक फांदी तपासली. रोग माझ्या फांदीतून आला."

कुंपणाशी चुळबुळ झाली.

"तुह्या?" काकूंनी विचारलं.

"माझ्या. माझ्या माहेरच्या झाडाला रोग होता, ते पहिल्याच मोहिमेत निघालं, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या डोळ्यातून आला तो इतकी वर्षं दबून बसला होता. यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणता ना?"

इतकी वर्षं दबून बसणारा ग्रीनिंग जगात नव्हता. पण हे कुंपणापलीकडे कोणाला कळणार होतं? आणि शिव्या खायला प्रणाली सगळ्यांच्या सवयीची होती. लोकांनी नाव मिळाल्यासारखे श्वास सोडले. काळमेघ काकूंनी तर त्याच पावली ईश्वरीकडे वळून तिला जवळ घेतलं. "उगाच पोरीले बोलत होते लोकं," त्या म्हणाल्या.

बेबीबाईंची मान तशीच खाली होती. झाडं उपटायच्या यंत्राने खोड कवेत घेतलं, मुळं कडाकड तुटली, आणि मोसंबी, संत्रं, लिंबू, तिघं एकदमच आडवी झाली. प्रणालीने आपल्या फांदीकडे शेवटचं बघायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी कागदावर सही मागितली.

बॅग संध्याकाळी पुन्हा रिकामी झाली. ईश्वरीने ती माळ्यावर टाकली आणि काही न विचारता प्रणालीच्या पायांना तेल चोळायला बसली.

पुढच्या दिवसांत मात्र गंमतच झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला बेबीबाई झाडाची गोष्ट सांगू लागल्या आणि ती गोष्ट दिवसेंदिवस बाळसं धरू लागली. प्रणालीच्या माहेराचा डोळाच खोटा. तिच्या बापाला झाडातलं कळतच नव्हतं. काडी आणली तेव्हाच ती मलूल होती, आपण बोललोही होतो, पण ऐकतं कोण? प्रणाली आतून ऐकायची. बाप मेलेला, झाड मेलेलं, आता त्यांची नावंही चुलीत. ही किंमत आपणच लावली होती, असं ती स्वतःला सांगायची, आणि तरी तिला रडू यायचं.

मग एका संध्याकाळी ती कामावरून आली तर घरात दिवा नव्हता. ईश्वरी देवळात गेली होती. झाडाच्या जागी खड्डा तसाच होता आणि त्याच्या काठाशी खाट ओढून बेबीबाई बसल्या होत्या. मांडीवर फोन होता.

"रामकिसनचा फोन आला होता," त्या म्हणाल्या.

प्रणाली उभी राहिली. खांद्यावर यंत्राची पिशवी तशीच.

"माह्या माहेरचंही झाड काढलं म्हने. तू गेली होती तिकडे?"

"हो, आई."

"लाल आला होता?"

"हो."

बेबीबाई खड्ड्याकडे बघत राहिल्या. त्यांची बोटं लुगड्याचा काठ चाचपत होती. तो एका जागी फाटलेला होता, हात दीड हात.

"प्रणाली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार बारीक झाला होता. "त्याले बी तुह्याच फांदीनं लागलं का वं?"

नांदसुरी बसने दीड तासावर होती. प्रणालीची फांदी तिथे कधी गेली नव्हती, जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हातारीला हे कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे प्रणालीलाही कळतंय, हेसुद्धा तिला कळत होतं. तरी तिने विचारलं होतं.

"हो, आई," प्रणाली म्हणाली. "त्यालाही माझ्याच फांदीनं लागलं."

 बेबीबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि आवाज न करता रडल्या. मग पदराने डोळे पुसले, अंग चोरून खाटेच्या एका कडेला सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवला.

"बस वं," त्या म्हणाल्या. "थकली असशीन."

प्रणालीने पिशवी खाली ठेवली आणि ती बसली.